दोन चुली

“तुजी भाकरी तुज्या तव्यावर टाक, माज्या चुलीकडं फिरकू नको,” छबूबाई अंगणातून ओरडल्या. चार घरं पलीकडे ऐकू गेलं असेल याची खात्री करून त्यांनी सुनेला हळूच विचारलं, “बरं जमलं का?”

“लई भारी,” धनश्री हसू दाबत म्हणाली.

पुणतांब्यातलं हे भांडण महिनाभर चाललं होतं आणि त्यात राग औषधालाही नव्हता. कारण होतं नवं घर. छबूबाईंच्या करणला गृहवित्त महामंडळाचं स्वस्त कर्ज मंजूर झालं होतं, जोतंही बांधून झालं होतं. पण नुसती कागदावर वेगळी झालेली कुटुंबं कर्ज उचलतात म्हणून सरकारनं महामंडळाला वेसण घातली होती. लेकाची चूल आईपासून खरोखर वेगळी हवी, आणि सरकारी तपासनीस पाहून गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटायचा नाही. ग्रामपंचायतीत त्या अटीबद्दल सभा झाली तेव्हा करण पेरूचा टेम्पो घेऊन बाहेरगावी होता. छबूबाईच गेल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, “आजपास्नं चूल येगळी. इलाज न्हाई.”

गॅस त्यांनी सुनेला दिला आणि स्वतः अंगणात तीन दगड मांडले.

धनश्री राजूरची, भातावर वाढलेली. इथं भात सणाला नाहीतर आजारपणात. लग्नाला चार वर्षं झाली, पण आज काय शिजवायचं हे तिनं कधी ठरवलं नव्हतं. आता माहेरचा वासाचा तांदूळ रोज रटरटत होता, तिखट तिच्या हातानं पडत होतं. ती खूश होती, आणि त्या खुशीची तिला मनापासून लाज वाटत होती. बाहेर म्हातारी धुरात डोळे चोळते आणि आपण इथं तुपाची धार सोडतोय. तपासणी होऊ दे, मग त्याच दिवशी चूल एक करायची, असं तिनं ठरवून टाकलं. ठरवताना जीव तुटला, पण ठरवलं.

“आज काय केलंस?” छबूबाई रोज दुपारी विचारायच्या.

“भातच.”

“खा बाई, खा,” म्हणून त्या आपली भाकरी चुरायला बसायच्या.

तपासनीस सुहास जोशी आले ते गुरुवारी. त्यांनी जोत्याला टेप लावली, फोटो काढले. धनश्री त्यांच्या मागं मागं होती.

“साहेब, ही माजी शेगडी. त्यांची चूल तिकडं भायेर,” तिनं दाखवलं.

“हो का? छान,” ते म्हणाले आणि विटांवर टकटक करायला वळले.

“भांडी बी येगळी हायेत, साहेब.”

“अगं, साहेबास्नी उन्हात काय उभं करतीस? चहा टाक,” छबूबाईंनी तिला आत पिटाळलं. चहा होईपर्यंत त्या साहेबांना चिकटूनच होत्या.

कप रिकामे झाले. सुहासरावांनी सही केली. “पक्कं काम आहे. आठवड्यात हप्ता जमा होईल.”

धनश्रीला रडूच आलं. करणला फोन लावून झाला.

“आई, आता चूल एक करू या,” ती म्हणाली.

“येडी का खुळी? परत तपासनी आली मंजी? घर हुईस्तोवर न्हाई,” असं म्हणून छबूबाई कप विसळायला मागं गेल्या.

सासू एवढा त्रास काढायला तयार आहे हे पाहून धनश्रीला गलबलून आलं. ती सुहासरावांच्या मागोमाग मोटारसायकलपर्यंत गेली.

“साहेब, खरं सांगते. भांडण खोटं हाय. पर म्हातारीचे हाल व्हत्यात. चूल आत्ताच एक केली तर हप्ता अडंल का?”

“ती अट कधीच रद्द झाली, ताई,” सुहासराव हेल्मेट चढवत म्हणाले. “महिन्यापूर्वीची सभा मी त्याचसाठी घेतली होती. सासूबाई पहिल्याच रांगेत होत्या. सगळे गेल्यावर मागं थांबल्या आणि ‘आमच्या सुनंला एवढं कळू देऊ नका’ म्हणून हात जोडून गेल्या.”