बाहत्तरचे शंभर

एकोणचाळिसाव्या वहीतही तेच होतं: पाणी १०० अंशाला उकळले. बाईंनी वही टेबलावर आपटली.

सकाळी आठवीच्या वर्गात पाणी चांगलं खळखळ उकळत होतं आणि शाळेतला एकुलता एक थर्मामीटर बाहत्तरवर अडून बसला होता. बिघडला होता मेला! बाईंच्या ते लगेच लक्षात आलं, पण त्यांनी मुद्दाम तोंडाला कुलूप लावलं. आता कुणीतरी ओरडेल, बाई, हा तर बाहत्तरच दाखवतोय! एकेक जण रांगेने आला, वाकून, डोळे बारीक करून आकडा बघून गेला. कुणी हूं की चूं केलं नाही.

प्रयोगशाळेच्या खोलीसाठी बाईंनी वर्षभर मुख्याध्यापकांकडे खेटे घातले होते. शेवटी वैतागून ते म्हणाले, "मुलं स्वतः बघून लिहितात एवढं वह्यांत दाखवा. नाहीतर सोमवारी तिथे मोडकी बाकं रचतो."

या वह्या नेल्या असत्या तर स्वारी खूश झाली असती. सगळ्यांचं उत्तर बरोबर! खोलीही मिळाली असती. पण करायचीय काय ती खोली? बाईंना नुसतं रडू येत होतं. पहिलीपासून आठवीपर्यंत विज्ञान शिकवणाऱ्या त्या एकट्याच. या मुलांसाठी आठ वर्षं घसा कोरडा केला होता. त्यांनी मनातल्या मनात गाइड छापणाऱ्यांना शिव्या घातल्या, शिकवणीवाल्यांना घातल्या, घोकून घेणाऱ्या आईबापांनाही सोडलं नाही. मग वर्गातल्या सगळ्यात धीट मुलीला बोलावून घेतलं.

"खरं सांग, तुला किती दिसलं?"

"बाहत्तर."

"मग शंभर का लिहिलंस गं?"

मुलगी घाबरली नाही. उलट बाई असं काय विचारतात, याचंच तिला नवल वाटलं.

"तिसरीत कुंडीतलं बी उगवलं नव्हतं, तेव्हा मी तसंच लिहिलं होतं. तुम्हीच ते खोडलंत आणि 'बी उगवले' असं माझ्याकडून दहा वेळा लिहून घेतलंत ना, बाई."