शेजारची सीट

शिवतेजच्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, मनुबाईंना पहिल्यांदा कळलं की आपल्या नवऱ्याच्या गाडीत दुसरं कुणीतरी बसतं.

शिवतेज त्यांच्या दिराचा मुलगा. त्याच्या हळदीला निघताना मनुबाई पुढं बसल्या, तर सीट पार मागं सरकवलेली आणि पाठ अर्धी आडवी केलेली. पाठीशी एक बारकी उशी होती. कप ठेवायच्या खाचेत चिंचेच्या गोळ्या होत्या. हंबीरराव आंबट तोंडातही घालत नसत.

त्यांनी विचारलं, तर गाडी धुणाऱ्या पोरानं मागं केली असंल, असं हंबीरराव म्हणाले. सीट पुढं ओढून दिली, पण बायकोकडं बघितलं नाही.

हंबीरराव फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनवर आल्यावर त्यांनी इस्लामपुरात घर बांधलं, मागनं ही गाडी घेतली आणि फौजेची शिस्त तिला लावली. बाटली दाराच्या खणात, चष्मा वरच्या डबीत, कागदं समोरच्या कप्प्यात. जड सामान डिकीत, तेही जाळीनं आवळून. समोरच्या फळीवर त्यांनी गणपतीसुद्धा बसू दिला नाही. जोरात ब्रेक लागला तर तोच डोक्यात बसंल, म्हणाले. जाऊबाई दीपमाला हसून म्हणाली होती, "भावजी, मग देवाला पन पट्टा लावा की."

एकदा मनुबाईंनी भरलेला तांब्या त्यांच्या सीटपाशी ठेवला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि तो उचलून मागं दिला.

"पायाजवळ सुटं काय ठेवायचं न्हाई, मनू. घरंगळून ब्रेकखाली आलं की कितीबी दाबा, गाडी थांबत न्हाई."

मनुबाईंना ते बोलणं लागलं. आपला कधी केला नव्हता एवढा विचार हा माणूस गाडीचा करत होता. पण गाडीचं काय, ती लोखंडाची. आता तिच्यात कुणीतरी बसत होतं.

गुरुवारी औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जातो, असं सांगून हंबीरराव निघत. इस्त्रीचा सदरा घालत. जाताना बाजारातनं पेरू घेत आणि येताना पिशवी रिकामी असे. गुडघे दुखतात म्हणून मनुबाईंनी डिंकाचे लाडू करून दिले, तर डबा एका गुरुवारी गाडीत गेला आणि धुऊन पुसून परत आला. तो डबा हातात धरून त्या बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. तूप आपण कढवलं, डिंक आपण तळला, आणि खाल्ले कुणी?

मग गुरुवारी संध्याकाळी गाडी तपासायचं त्यांना वेडच लागलं. कधी केसाची पिन सापडे, कधी सीटला तेलाचा वास येई. सीट आता दर वेळी जागेवर असे. म्हणजे लपवायचं ठरलेलं होतं.

शेवटी त्यांनी दीपमालाला सांगितलं. ती आधी हसली, म्हणाली, भावजींना ह्या वयात कोण विचारतंय. उशीचं ऐकल्यावर मात्र जवळ सरकून बसली.

"आक्का, संयोगिता हवी होती. तिनं बापाला बरोबर बोलतं केलं असतं."

"तिचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई."

संयोगिता त्यांची लेक. तीन वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या जातीतल्या पोराशी लग्न केलं होतं. जो तिचं तोंड बघंल त्याला माझं मेलेलं तोंड बघावं लागंल, अशी शपथ मनुबाईंनी नवऱ्याला घातली होती. मुलगी कुठं राहते हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

दीपमालानंच मग त्यांना मलकापूरच्या एका देवर्षीकडं नेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. नारळ मंतरला, लाल फडक्यात बांधला आणि पुढ्यात ठेवला.

"माणसाच्या पायाखाली ऱ्हाऊ द्या. मग पाय दुसरीकडं वळायचं न्हाईत. आन् ती बाई पुन्हा त्या गाडीत बसायची न्हाई."

बुधवारी संध्याकाळी हंबीरराव पारावर गेल्यावर मनुबाईंनी गाडीचं दार उघडलं. नवऱ्याच्या सीटखाली नारळ सरकवला आणि फडक्याची गाठ कडेच्या पट्टीत खोचली. हलवून बघितला, घट्ट वाटला. त्या रात्री त्यांना कित्येक महिन्यांनी झोप लागली.

सकाळी हंबीरराव निघाले तेव्हा मनुबाईंनी दारातून हसून हात केला.

फोन दिरांना, बाळासोंना आला. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की विश्रामबागेच्या पुढं, मिरजेच्या रस्त्यावर, गाडी उसाच्या ट्रॉलीवर गेली, दादा शुद्धीवर हाय. मनुबाई त्यांच्याबरोबर सांगलीच्या दवाखान्यात निघाल्या. औदुंबरचा रस्ता तो नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

हंबीररावांच्या कपाळाला पट्टी होती आणि पाय लाकडी फळ्यांत बांधला होता.

"ट्रॉली लांबनं दिसली व्हती, मनू. ब्रेकवर पाय दिला. खाली काय तरी घरंगळत आलं. ब्रेक दबलाच न्हाई. म्या तर कवाच काय ठेवत न्हाई गं तितं."

मनुबाईंनी पदर सावरला आणि इतक्या महिन्यांचं मनातलं विचारलं.

"शेजारी कोण होती?"

हंबीररावांनी तोंड भिंतीकडं केलं.

त्यांची एकुलती एक लेक संयोगिता, सातवा महिना चालू असताना, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, गुरुवारी सकाळी गेली.