फडफड

यंत्र म्हणालं: हृदय फडफडतंय.

यंत्र पुन्हा म्हणालं: बाई जरा टेकली, की हृदय फडफडतंय.

परास्किवा छातीला तारा चिकटवून एक दिवस वावरली होती, त्याचा हा निकाल. तिची मुलगी इलिंका डोळे पुसत होती. डॉक्टर मात्र कागदाची लांबलचक पट्टी स्वतः वाचत बसले, आणि शेवटी हसले.

"यंत्र चुकलं, मावशी! हृदय ठणठणीत आहे. तुमचा उजवा हात थरथरतो, त्यानं तारा हलल्या. यंत्रानं ती थरथर ठोके म्हणून मोजली."

इलिंकाने क्रूसाची खूण केली. "ऐकलंस, आई? आणि तू मरणाचे कपडे इस्त्री करून ठेवलेस. नाटकी कुठली!"

परास्किवाने उजवा हात शालीखाली ओढून घेतला. अंडी रंगवायचा सण, ईस्टर, आठवड्यावर आला होता. मेणाच्या लेखणीने अंड्यावर केसासारखी रेघ ओढावी तर तिनेच, असं सगळा बुकोविना प्रांत म्हणायचा.

"कधीपासून थरथरतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठे थरथरतो?"

डॉक्टरांनी पेन्सिल पुढे केली. "एक रेघ ओढून दाखवा बरं."

तिने पेन्सिल घेतली नाही. शालीखाली डाव्या हाताने उजवा घट्ट दाबून धरला.

"डॉक्टर, एवढं शिकलेलं यंत्र," ती हळूच म्हणाली, "ते कसं चुकेल? हृदयच असू द्या ना."