तीनबत्तीचा जुना फोटो

‘जुनी भिवंडी’ ग्रुपवर प्रितेशने तीनबत्तीचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो टाकला. त्यातलं दुकान कोणाचं, यावर दोन दिवस भांडण चाललं, कारण पाटीसमोर पिशवी घेऊन एक बाई उभी होती आणि नाव वाचता येत नव्हतं.

“माझ्या अब्बांचं दुकान मला शिकवता काय?” फखरुद्दीनभाई तापले.

मी लिहिलं, “दुकान आठवत नाही. बाई माझी बायको, कमळ आहे. चैत्रात गेली. घरात तिचा तरुणपणचा एकही फोटो नाही. हा मोठा करून द्याल का?”

एकवीस जणांनी हात जोडले आणि पुन्हा दुकानावर आले.

आज सकाळी प्रितेशने तोच फोटो मोठा करून टाकला.



“मंडळी, भांडण मिटलं! एआयने मध्ये येणारी बाई काढून टाकली, पाटीही पूर्ण करून घेतली, आता अख्खी वाचा.”