बुधवारचं ग्रहण

"इथे सही करा, डॉक्टर," अरवाने कागद पुढे सरकवला.

हरीशने पेनाचं टोपण काढलं. रियाधच्या ओलाया भागातल्या त्या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर, टेबलावर आठ जुनी पानं मांडलेली होती. रशियातल्या एका मठाच्या इतिवृत्ताची पानं. इतिवृत्त म्हणजे मठातल्या साधूंनी वर्षावर्षाने लिहिलेली बखरच. आठशे वर्षांपूर्वी व्होल्गाकाठच्या बाजारात अरब व्यापारी उतरले होते आणि त्यांच्यादेखत चंद्राला ग्रहण लागलं, असं त्यात लिहिलं होतं.

अरवा एका खाजगी संग्रहालयाची प्रमुख होती. संग्रहालय महिन्याभरात उघडणार होतं आणि ही पानं पहिल्याच दालनात लागणार होती. एकदा तिथे लागली की पुस्तकांत जाणार, मुलं ती इतिहास म्हणून शिकणार. कागद पाचशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे मूळ बखर मठातच नंतर उतरवून घेतलेली, असा प्रयोगशाळेचा निर्वाळा होता. मजकुराची खात्री द्यायला जुनी रशियन वाचणारा माणूस हवा होता. तो सापडला कुठे, तर हफ्र अल बातिनच्या सरकारी दवाखान्यात, हर्नियाची ऑपरेशनं करताना.

हरीश एमबीबीएसला रशियात होता. अ‍ॅनाटॉमीपेक्षा इतिवृत्तं त्याने जास्त मन लावून वाचली. पुढे वीस वर्षं लेख लिहिले, ते साभार परत आले, आणि दवाखान्यातल्या मित्रांनी यथेच्छ टर उडवली. आज पहिल्यांदाच त्याच्या मताला कोणी किंमत दिली होती.

बायको अहिल्या मागच्या सोफ्यावर बसली होती. तीही त्याच कॉलेजची, आता लहान मुलांची डॉक्टर. तिला यातलं ओ की ठो कळत नाही, असा हरीशचा ठाम समज होता. तो वाचनालयात पोथ्या चिवडत बसे, तेव्हा ही बिचारी तिथल्याच एका संग्रहालयाच्या कार्यशाळेत पडेल ते काम करून खर्च भागवायची. आज आल्याआल्या तिने पानं एकदा वाकून पाहिली होती आणि मग मागे जाऊन बसली होती. समोरचा कहवा तसाच निवत होता.

"हरीश," ती मराठीत म्हणाली, "ग्रहणाचा वार काय लिहिलाय?"

"बुधवार. का गं?"

"काही नाही. सही करण्याआधी जुळवून बघ, एवढंच."

हरीशला राग आला. पण पोट शिवण्याआधी आतले बोळे मोजायची सवय हाडीमाशी भिनलेली. त्याने लॅपटॉप उघडला, जुनी ग्रहणं काढून देणारा प्रोग्राम चालू केला आणि तारीख घातली.

ग्रहण खरं होतं. बुधवारची रात्र सरताना, सूर्योदयाच्या दोन तास आधी.

हरीशने पेनाला टोपण लावलं.

"अरवा, ही पानं मठात लिहिलेली नाहीत."

टेबलापलीकडे बसलेला, ही पानं विकायला लंडनहून आलेला विक्रेता हसला. "कशावरून?"

"मठातला दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेला सुरू होतो. म्हणजे त्या साधूच्या लेखी ग्रहणाच्या वेळी गुरुवार लागून नऊ-दहा तास झाले होते. त्याने बुधवार लिहिला नसता."

"आमच्यासारखंच," अरवा पुढे झुकली. "मगरिबची, सूर्यास्ताची नमाज झाली की पुढचा दिवस."

"एका वाराने काय होतं?" विक्रेता म्हणाला. "चुकला असेल बिचारा."

"दुसऱ्या कुठल्याही वाराला चुकला असता," हरीश म्हणाला. आवाज चढला होता आणि त्याला त्याची मजा येत होती. "बुधवारी त्यांचा उपास असतो. बुधवार संपला की नाही, हे उपाशी माणसाला विचारावं लागत नाही, साहेब! बरं, मी चुकतो म्हणा. ही पानं याआधी कोणाकडे होती, तेवढं दाखवा. एखादं पत्र, पावती, काहीही."

विक्रेत्याने फोन चाळला. मग पुन्हा चाळला. मग म्हणाला, की पानं आपण सध्या परत नेलेली बरी.

"खलास," अरवा म्हणाली. तो पेटी घेऊन गेल्यावर तिने छातीवर हात ठेवला. "डॉक्टर, उद्या खोटी बखर आम्ही खरी म्हणून शिकवली असती. तुम्ही अब्रू राखलीत. आमच्या संग्रहालयाचे सल्लागार व्हाल?"

हरीशच्या डोळ्यांत पाणीच आलं. वीस वर्षांची हेटाळणी त्या एका वाक्याने धुऊन निघाली. त्याने लगेच हो म्हटलं.

रियाध मागे पडलं, दुपारचा रस्ता मोकळा होता, आणि हरीशची गाडीपेक्षा जीभ जास्त पळत होती.

"तुला सांगतो, नक्कल करणारा आपल्याकडचाच कोणीतरी! सूर्य उगवेपर्यंत कालचाच वार चालू, हा हिशोब आपल्या पंचांगाचा. अक्षर काय सुरेख, शाई काय झकास, मीसुद्धा फसलो होतो. आणि शेवटी वारात शेण खाल्लं गाढवाने!"

अहिल्या इतका वेळ बाहेरची वाळू बघत होती. आता ती मोकळी हसली, तासाभरात पहिल्यांदाच.

"गाढव काय म्हणतोस? शिकवायला नमुना हवा म्हणून कार्यशाळेने कोरा जुना कागद दिला, तेव्हाच मला शंका आली होती. उद्या कोणी माझी नक्कल खरी म्हणून खपवली तर निदान आपल्यातल्या कोणाला तरी पकडता यावी, म्हणून मी मुद्दाम बुधवार लिहिला."