पाचवा आवाज
आमचे हे सरदारांची मोटार चालवायचे. कंपू मोहल्ल्यातल्या त्यांच्या कोठीमागे आमच्या खोलीसमोर गाडी लावली की दांड्याच्या टोकाचा खटका न दाबताच हँडब्रेक ओढायचे. दांडा दात्यांवरून खटखट वर यायचा; चार आवाज लागोपाठ, पाचवा जरा थांबून. पाचवा ऐकला की मी चहाचं आधण ठेवायची. मग हे फौजेचे ट्रक चालवायला ब्रह्मदेशात गेले. आठ महिने पत्र नाही. नवे ड्रायव्हर खटका दाबून ब्रेक ओढतात. गाडी आलेली कळतही नाही. आज दिवेलागणीला गाडीपाशी जाऊन म्हटलं, "भाऊजी, एकदा खटका न दाबता ओढा की." "वहिनी, त्यानं दाते घिसतात. सरकार रागावतील." मी वळले. खोलीत पाऊल टाकणार तोच मागे ब्रेक सुटला आणि पुन्हा वर आला: खट्, खट्, खट्, खट्. पाचव्यासाठी मी अजून उंबऱ्यात उभी आहे.