ढाबळीतला दोष

जाळीचा उजवा कोपरा वर उचललेला होता आणि ढाबळ रिकामी होती. साहेब कमरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभे राहिले. नोकरीत असताना पूल बांधले, एकही पडला नाही. आणि परसातल्या या लाकडी ढाबळीत कबुतरांची एक जोडी टिकेना.

"गेली?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारलं.

"दिसत नाही का?"

"दिसतंय. म्हणून तर विचारलं."

साहेबांनी उचललेली जाळी हाताने दाबून पाहिली. कबुतरं कुठे गेली हे शोधायची गरजच नव्हती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलीच्या सासरी, गच्चीवर जाऊन बसली असणार.

सगळा घोळ तिथेच होता. साहेबांना न विचारता मुलीने लग्न केलं, ते एका कबूतरवाल्याच्या मुलाशी. तेव्हापासून साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. नात झाली तरी ते त्या घराकडे फिरकले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांची घरात नुसती किरकिर सुरू झाली, तेव्हा बायकोने बाजारातून म्हणून ही जोडी आणली आणि म्हणाली, यांना घर बांधा, पण माझं डोकं खाऊ नका.

साहेबांनी हौसेने नकाशा काढला, वाऱ्याची दिशा बघितली, पत्र्याला उतार दिला. ढाबळ उभी राहिली तशी त्यांनी ऐटीत दार उघडलं. जोडी उडाली ती थेट व्याह्यांच्या गच्चीवर. बाजार कुठला होता ते तेव्हा कळलं.

"माझ्या घरातून उठून त्याच माणसाच्या घरी!" साहेब कडाडले होते. "मुलीसारखीच!"

"राहू द्या तिकडेच. नाहीतर जावई आणून देतील."

"काही गरज नाही. चूक माझी, निस्तरणार मी."

आणि टोपली घेऊन ते स्वतः गेले होते. फाटकाबाहेरच उभं राहून जोडी घेतली आणि परत फिरले. मुलगी दारात उभी होती, पण तिच्याकडे आपण पाहिलंही नाही, असं त्यांनी घरी आल्यावर दोनदा सांगितलं.

आता पुन्हा तेच. फोन वाजला.

"पोचली म्हणे," बायको म्हणाली. "मोडून टाका एकदाचं ते खुराडं. वाळत घातलेल्या कपड्यांची घाण होते ती वेगळीच."

"खुराडं कोंबड्यांचं असतं. ही ढाबळ आहे."

"असू दे की. पण राहतंय कोण तिच्यात?"

साहेब टोपली घेऊन तणतणत निघाले. या वेळी त्यांना यायला वेळ लागला. व्याह्यांनी फाटकावर ऐकलंच नाही, हाताला धरून गच्चीवर नेलं.

"मला शिकवतो तो माणूस!" आल्या आल्या साहेब म्हणाले. "म्हणे जिथे वाढली तिथेच परत येणार. कोंडून ठेवा. तुमच्याकडे एकदा अंडी घातली, पिल्लं झाली, की मग टिकतील. वर ते थंडगार पाणी. घसा धरला माझा."

"पाणी प्यायलात तिकडे?"

"मग काय तहानेने मरू?"

त्यांनी जाळी बदलली, खिळे दुप्पट ठोकले. थोड्या दिवसांनी मागची फळी निखळली आणि जोडी पसार झाली. साहेबांनी लाकूडवाल्याला शिव्या घातल्या, दमट हवेला घातल्या, फळीला झाडू टेकवून ठेवला म्हणून बायकोलाही सोडलं नाही. मग टोपली उचलली. दुपार कलली तरी पत्ता नाही. आले तेव्हा कानावर नेहमी खोचलेली पेन्सिल नव्हती.

"पेन्सिल?"

"ती चिमुरडी कार्टी सोडेचना. म्हटलं घे बाई." साहेबांनी टोपली खाली ठेवली. "त्यांच्या जिन्याला कठडा नाही. पोर एखाद दिवशी गडगडत खाली येईल. कुणाचं लक्ष म्हणून नाही त्या घरात."

"मग सांगायचं होतं लेकीला."

"सांगितलं."

बायकोचा भाजी चिरणारा हात थांबला. "काय म्हणाली?"

"काय म्हणणार? रडायलाच लागली. कठड्यात रडण्यासारखं काय आहे?" साहेब चिडून म्हणाले आणि पक्कड घेऊन परसात निघून गेले.

मग मात्र त्यांनी इरेला पेटून काम केलं. तळ नवा घातला, जाळी दुहेरी लावली, दाराला जाड कडी आणि कोयंडा बसवला. जोडी आतल्या कोपऱ्यातल्या कुंडीत घरट्यासाठी काड्या रचू लागली.

"आता मुंगीसुद्धा बाहेर जायची नाही," एका सकाळी ते म्हणाले. "आज-उद्या अंडी घालतील. मग त्या घराची पायरी चढायला नको. सुटलो!"

सुटलो म्हणाले खरे, पण आवाजात जोर नव्हता. खिशातून मोजपट्टी काढून ती उगाच उघडमीट करत राहिले.

"कठड्यासाठी तरी जाऊन या एकदा," बायको म्हणाली.

"मी? काही कारण नसताना? त्या घरी?" साहेबांचा पारा चढला. "माझा मान काय वाटेवर पडलाय? मुळीच जाणार नाही."

आणि पंचा खांद्यावर टाकून ते आंघोळीला गेले.

न्हाणीघरातून पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला, तशी बायको स्क्रूड्रायव्हर घेऊन परसात आली. कोयंड्याचे स्क्रू तिने एकेक करून सैल केले, कोयंडा लोंबकळत सोडला, दार सताड उघडलं आणि आत हात घालून जोडीला बाहेर हुसकलं. कबुतरं छपरावरून दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने फोन लावला.

"आणखी एकदा सोडली गं," ती हळूच म्हणाली. "आज बाबांना जेवायलाच बसव."